फ्यूज गेलाच नव्हता

(दहावी ‘ब’, २००० या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मघाशी आपण शाळेची प्रार्थना म्हटली. सोबत जी पेटी वाजत होती, ती माझ्या मोबाइलमधून आणि टेबलावरच्या या दोन पिवळट पडलेल्या स्पीकरमधून. मागून कुणीतरी विचारलंसुद्धा, ‘काय गं, संग्रहालयातून उचललेस का?’ जवळजवळ तसंच. पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेत, १५० रुपयांना जोडी. संयोजकांनी मला ‘माझा छंद’ या विषयावर दहा मिनिटं दिली आहेत. छंद सांगते, पण त्याच्याबरोबर एक गोष्ट सांगायची आहे, जी २५ वर्षं राहून गेली आहे.

मी बँकेत नोकरी करते. विजेचं शिक्षण माझं नाही. रविवारी सकाळी जुन्या बाजारात चक्कर मारायची आणि बंद पडलेल्या वस्तू घरी आणायच्या, एवढाच माझा उद्योग. घरचे म्हणतात, भंगार आणते. पण या भंगाराबद्दल एक गोष्ट मला हळूहळू कळत गेली. त्यातलं पुष्कळसं बिघडलेलं नसतंच. त्याचा फक्त अडॅप्टर हरवलेला असतो. घर बदलताना स्पीकर एका खोक्यात जातात, अडॅप्टर दुसऱ्या. मग कुणीतरी म्हणतं ‘हे चालत नाहीत’, आणि जोडी भंगारवाल्याकडे जाते.

हे स्पीकर मी फरशीवर मांडलेल्या ढिगात पाहिले आणि तिथेच थांबले. तुम्हीही ओळखलं असेल. आपल्या संगणक कक्षात अगदी असेच होते. चपला बाहेर काढून, रांगेने आत जायचं. सरांनी मॉनिटरवरचं कापड काढायचं, बटण दाबायचं, आणि विंडोज ९५ सुरू होताना ते काही सेकंदांचं संगीत यायचं. ते ब्रायन ईनो या इंग्लिश संगीतकाराने केलं होतं, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा वाटायचं, आपल्या सरांनीच बसवलंय.

तर, दुकानदार म्हणाला, ‘ताई, चालू आहेत की नाही माहीत नाही, वायर नाही त्यांची.’ मी स्पीकर उलटा केला. मागे बारीक अक्षरांत छापलं होतं : १२ व्होल्ट, डीसी, १ अँपिअर. शेजारी एक छोटं चित्र. मधोमध ठिपका, त्याभोवती अर्धवट गोल, ठिपक्याकडून गेलेल्या रेषेच्या टोकाला अधिकचं चिन्ह आणि गोलाच्या टोकाला वजाचं. माझ्यासाठी एवढं पुरे होतं. पैसे दिले.

आता ज्यांच्या माळ्यावर असे स्पीकर पडले असतील त्यांच्यासाठी सांगते. त्या मजकुरातली प्रत्येक गोष्ट महत्त्वाची आहे. व्होल्ट जुळलेच पाहिजेत. १२ तर १२. अँपिअर मात्र लिहिलेत तेवढे किंवा जास्त चालतात, कारण स्पीकर लागेल तेवढाच प्रवाह ओढतो. मोठ्या टाकीला बारीक नळ लावला म्हणून घर भरून वाहत नाही, तसंच. कमी अँपिअरचा लावला तर आवाज वाढवला की अडॅप्टर तापतो आणि गाणं फाटतं. डीसी लिहिलंय की एसी, तेही पाहायचं. काही जुन्या स्पीकरांना अडॅप्टरमधून एसीच लागते, तिथे डीसीचा लावून भागत नाही. आणि ते चित्र सांगतं, पिनेच्या मधल्या भोकात धन आहे की ऋण. बहुतेक ठिकाणी मधली बाजू धन असते, पण काही संगीताच्या कीबोर्डना आणि गिटारच्या पेडलना ती ऋण असते. पिना दिसायला सारख्या, आत बसतातही सारख्या. हे वाक्य लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

घरी १२ व्होल्ट, २ अँपिअरचा एक अडॅप्टर होता, जुन्या वायफाय राउटरचा. तुमच्याही खणात असेल. मल्टिमीटर लावून पाहिला : १२.१ व्होल्ट, मधली धन. पण पिन सैल बसत होती. या पिना बाहेरून ५.५ मिलिमीटरच्या, पण आतलं भोक कुणाचं २.१, कुणाचं २.५. मोठ्या भोकाची पिन बारीक काडीवर बसते, पण हलली की खरखर. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन योग्य पिन आणली आणि डाग देऊन बसवली.

तरी थेट जोडला नाही. स्कूटरच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब मध्ये लावला. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो आणि स्पीकर वाचतो. बल्ब क्षणभर लुकलुकला आणि विझला. म्हणजे आत सगळं ठीक. बल्ब काढला, मोबाइल जोडला. आधी बारीक शिटीसारखा आवाज यायला लागला. तो त्या हलक्या अडॅप्टरचा दोष होता. दुसरा, जरा बऱ्यापैकी अडॅप्टर लावल्यावर गेला. आवाजाचं बटण खरखरत होतं, त्यात सफाईचा फवारा मारून वीस-पंचवीस वेळा फिरवलं. आणि मग गाणं लागलं, स्वच्छ. माझी मुलगी स्वयंपाकघरातून येऊन म्हणाली, ‘आई, एवढंच होतं?’

हो, एवढंच होतं. परदेशातून आलेल्या मित्रांसाठी एक सांगते. अमेरिकेतून आणलेला स्पीकर इथे लावला आणि ‘ढप्प’ झालं, तर लगेच फेकू नका. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३०. पुष्कळदा मरतो तो अडॅप्टर, स्पीकर नाही. इथला, तेच आकडे असलेला अडॅप्टर आणा. मात्र ज्या स्पीकरची वायर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये जाते, तो घरी उघडू नका. तो जाणकाराकडेच न्यायचा.

आता राहिलेली गोष्ट.

डिसेंबर १९९९. स्नेहसंमेलनाच्या आमच्या नाचाची सीडी फक्त संगणक कक्षात वाजायची. मुलं सारखी गाणी लावतात म्हणून सर स्पीकरचा अडॅप्टर कपाटात बंद करून ठेवायचे. एका शनिवारी सर नव्हते. सराव तर करायचाच होता. मी घरून ताईच्या कीबोर्डचा अडॅप्टर आणला. पिन बसली. मी बटण दाबलं. आवाज आला नाही. थोड्या वेळाने वास आला. आम्ही दार लावून पळालो. मी एकटीच आत होते, बाकीच्या मैत्रिणी दारात होत्या, त्यांना वाटलं फ्यूज गेला.

सोमवारी हजेरीपट ठेवायला मी ऑफिसात गेले. मुख्याध्यापक सरांना विचारत होते. सर म्हणाले, ‘माझ्याच हातून चुकीचं जोडलं गेलं. मी भरून देतो.’ मी हजेरीपट ठेवला आणि बाहेर आले. पुढच्या आठवड्यात नवे स्पीकर आले, सरांच्या पैशांनी. ते किती होते, मला आजही माहीत नाही.

त्या दुपारी सरांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुडी दिली. आत ताईचा अडॅप्टर होता. घाईत तो तिथेच राहिला होता. सर एवढंच म्हणाले, ‘घरी ने. आणि पुढच्या वेळी जोडायच्या आधी मागचं वाचायचं.’

आणि आपण काय केलं? सरांना ‘फ्यूज सर’ म्हणायला लागलो. फळ्यावर चित्र काढलं होतं, आठवतंय? केसांतून ठिणग्या उडताहेत असं. मी हसले होते. सगळ्यांत मोठ्याने हसले होते, कारण न हसले असते तर कुणाला तरी कळलं असतं. निरोप समारंभातही ते नाव झालं. या मेळाव्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दोन महिन्यांपूर्वी कुणीतरी प्रेमानेच लिहिलं, ‘फ्यूज सर येणार ना?’ खाली तीस-चाळीस हसरे चेहरे. त्या रात्री मला झोप लागली नाही. बरोबर त्याच आठवड्यात हे स्पीकर दिसले.

त्यांच्या मागचं चित्र वाचताना मला पहिल्यांदा नीट कळलं की त्या दिवशी झालं काय. ताईच्या कीबोर्डची पिन मधे ऋण होती. मी उलटी वीज घातली होती. फ्यूज गेलाच नव्हता. स्पीकरच्या आतलं अ‍ॅम्प्लिफायर जळलं होतं, माझ्या हाताने.

सर पहिल्या रांगेत बसले आहेत. सर, मी माफी मागायला २५ वर्षं लावली. तुम्ही तेव्हा माझं नाव का घेतलं नाहीत, हे मी विचारणार नाही. पण तुमच्यावर पडलेलं नाव खोटं होतं, हे ज्यांनी ते ठेवलं त्या सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं. ते आज सांगितलं. मित्रमैत्रिणींनो, यापुढे ‘फ्यूज’ म्हणायचं असेल तर मला म्हणा.

आणि सर, हे स्पीकर तुमच्यासाठी आणले आहेत. जोडायच्या आधी मागचं वाचलं आहे. १२ व्होल्ट, डीसी, मधली धन.