घरांतल्या समुद्राचें पाणी

नवी मुंबईंतील वाशी-नेरूळकडच्या कित्येक गच्च्यांवरून खाडी दिसते. तेव्हां ज्या गृहस्थास दिवाणखान्यांतील कांचेच्या पेटींत समुद्रजीव बाळगावयाचे असतील, त्यास सहज वाटावें कीं, खारें पाणी दारींच आहे. घागर बुडवावी आणि आणावी. परंतु हा विचार त्या मुक्या जिवांवर बेततो. खाडीचें पाणी गाळानें गढूळ, सांडपाण्यानें दूषित, आणि पावसाळ्यांत तर त्याचा खारटपणाही उतरलेला असतो. तेथें रोहित पक्षी सुखानें चरतात. प्रवाळाला मात्र निर्मळ पाण्याची सवय.

मग उरलें नळाचें पाणी. खालापूर तालुक्यांतील मोरबे धरणाचें हें पाणी भोकरपाडा येथें शुद्ध होऊन येतें. माणसानें तें खुशाल प्यावें. पण ज्या क्लोरीननें आपले रोगजंतू मरतात, तोच माशांचे कल्ले जाळतो. आणि एखाद्या पितळी तोटींतून किंचित् तांबें उतरलें, तरी झिंग्यांना व प्रवाळांना तें विषच होय.

म्हणून पाणी क्रमानें गाळावें लागतें. प्रथम दोऱ्याची गाळणी गाळ अडविते. मग कोळसा क्लोरीन शोषतो. हा क्रम चुकवूं नये, कारण पुढचें नाजूक पटल क्लोरीननें खराब होतें. या पटलांतून दाबानें पाणी ढकललें म्हणजे बहुतेक क्षार मागें राहतात, आणि उरलेसुरले राळेचे बारीक मणी पकडतात. क्षारमापकानें शून्य दाखविलें म्हणजे काम झालें. स्वयंपाकघरांतील शुद्धियंत्राचें पाणी येथें सहसा चालत नाहीं. चवीसाठीं त्यांत पुष्कळदां क्षार पुन्हां मिसळलेले असतात. एका बादलीमागें तीन-चार बादल्या पाणी वायां जातें, तें फरशी पुसण्यास ठेवावें. धरण भरतें तें पावसानें, हें ध्यानांत असावें.

या पाण्यांत लिटरला सुमारें ३५ ग्रॅम समुद्री क्षार घालावयाचे. जेवणांतलें मीठ नव्हे. त्यांत प्रवाळाच्या सांगाड्यास लागणारें कॅल्शियम नसतें. मिश्रण वेगळ्या भांड्यांत दिवसभर ढवळत ठेवावें. पुढें वाफ होऊन पाणी घटलें, तर भर गोड्या शुद्ध पाण्याचीच घालावी. वाफेबरोबर मीठ जात नाहीं.

एवढ्यानें भागलें असें समजून पहिल्याच दिवशीं मासे सोडणारे उतावळे लोक पुष्कळ. माशांच्या मळापासून अमोनिया होतो. खडकांच्या छिद्रांत राहणारे जीवाणू त्याचें नायट्राइट आणि मग सौम्य नायट्रेट करतात. त्यांची वस्ती बसण्यास चार-सहा आठवडे लागतात. ही खरी गाळणी. पण स्पंज नळाखालीं धुतला कीं क्लोरीननें ती मरते. तो पेटीच्याच काढलेल्या पाण्यांत हलकेच पिळावा.

आणखी एक गोष्ट. दुकानदार कांहींही सांगो, खडक बांधणारे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें रक्षिलेले आहेत. मालवणच्या समुद्रांतील तुकडा खिशांत घालून आणणें हा गुन्हा आहे. तेथील सागरी अभयारण्य १९८७ सालीं घोषित झालें, आणि तें प्रवाळ पाहावयाचें तर तेथेंच पाण्यांत उतरून पाहावें.