आपोआप फिरणारे सुकाणू
(ज्ञातिमंडळाच्या कोराडी येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या कोराडीस नौकेच्या सुकाणूविषयी बोलावे, हे कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु आपले काही तरुण व्यापारी जहाजांवर जाऊ इच्छितात, आणि त्यांच्या मातापित्यांचा एकच प्रश्न आमच्या कानी वारंवार येतो : रात्री जहाज कोण हाकतो?

कमांडर दिलीप दोंदे गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटेच निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून १९ मे २०१० रोजी परतले. एकट्या मनुष्याने झोपावे केव्हा? अशा प्रवासात सुकाणू यंत्राच्या स्वाधीन करण्यावाचून गत्यंतर नसते.

नेमून दिलेल्या दिशेपासून नौकेचे तोंड किती अंश ढळले, हे होकायंत्र सांगते. त्या मानाने यंत्र सुकाणू वळवते. पण एवढ्यानेच भागत नाही. जड नौका नेमक्या दिशेवर येऊनही थांबत नाही, पलीकडे जाते, आणि तिची वाट नागमोडी होते. रशियात जन्मलेले निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२ साली या प्रश्नाचा गणिती उलगडा केला. मुरलेला सुकाणूधारी नौका किती ढळली एवढेच पाहत नाही; ती किती वेगाने वळत आहे हेही पाहतो आणि वेळीच उलट सुकाणू देतो. वारा एकाच बाजूने रेटत राहिला, तर साचत गेलेली चूक ओळखून सुकाणू थोडे कलतेच ठेवतो. यंत्रास हेच शिकवले गेले.

आमच्या येथील औष्णिक केंद्रात काम केलेल्या बंधूंना हे परके वाटू नये. २१० मेगावॅटच्या संचातील बॉयलरच्या ड्रमची पाणीपातळी याच तत्त्वाने सांभाळली जाते.

मात्र होकायंत्रावर चालणारे हे यंत्र दिशा राखते, वाट नव्हे. प्रवाह नौकेस आडवा वाहून नेत असता तिचे तोंड अचूक दिशेलाच असते. समोरचे गलबतही त्यास दिसत नाही. म्हणून जहाजावर रात्री पहारा असतोच; १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनी तो बंधनकारक आहे. गर्दीच्या पाण्यात सुकाणू माणसाच्या हाती येते, आणि यंत्र दीर्घकाळ चालल्यावर हाताचे सुकाणू नीट फिरते की नाही, हे तपासावे लागते.