गारगोटी आणि झुंबर

(सुवर्णमहोत्सवानिमित्त मानेसर येथे भरलेल्या स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



आमचा विषय स्फटिकाचा आहे. कारखान्यांच्या या गावी दगडाची गोष्ट काढलेली कित्येकांस चमत्कारिक वाटेल. तथापि ती आपल्या घरचीच गोष्ट आहे.

ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतात वाटेन्स नावाचे गाव आहे. बोहेमियातून आलेल्या डॅनियल स्वारोव्स्की या कारागिराने १८९५ साली तेथे काचेला पैलू पाडण्याचा कारखाना काढला. त्याच्या शताब्दीनिमित्त १९९५ मध्ये आंद्रे हेलर या कलावंताच्या कल्पनेतून तेथे एक अद्भुत संग्रहालय उभे राहिले. टेकडीतून डोके काढलेला एक राक्षस, त्याच्या मुखातून कोसळणारे पाणी, आणि आत लखलखणारी दालने! मुंबईत जन्मलेले आणि दिल्लीत शिकलेले वेषभूषाकार मनीष अरोरा यांनीही तेथील एक दालन साकारले असून त्याचा विषय आहे प्रेम. आपल्याकडच्या कलावंताचा हा गौरव पाहून कोणास आनंद होणार नाही?

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. तेथे चमकते ती काच. खऱ्या स्फटिकात अणूंची मांडणी पंगतीतल्या पानांसारखी शिस्तबद्ध असते. काचेत ती शिस्त नसते. काचेचे पैलू माणूस पाडतो; स्फटिक आपले पैलू स्वतःच घडवतो. दोऱ्यावर जमलेली खडीसाखर ज्याने पाहिली, त्याला हे निराळे सांगावयास नको.

असे स्वयंभू पैलू आपल्या काळ्या कातळात दडलेले आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरून दख्खनचे पठार तयार झाले. रस निवताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले व पोकळ्या राहिल्या. पुढे खनिजे विरघळलेले ऊन पाणी त्यांत झिरपले, आणि स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट यांचे स्फटिक आतल्या आत फुलले. यांतील पहिली दोन झिओलाइट कुळातली. तापवताच हे दगड पाण्याची वाफ सोडतात, म्हणून १७५६ मध्ये क्रोनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने त्यांना 'उकळणारा दगड' अशा अर्थाचे हे ग्रीक नाव दिले. बोरघाटातून लोहमार्ग नेताना, म्हणजे १८६३ पूर्वीच, असे उत्तम नमुने हाती लागले होते. पुण्याजवळच्या वाघोलीचा निळाशार कॅव्हन्साइट तर जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. तो पुणेकरांपैकी कितीजणांनी पाहिला असेल?

दुसऱ्यास कशाला बोल लावावा? लहानपणी आमच्या गावी विहीर खणताना सुरुंगाने फुटलेल्या कातळात नारळाएवढी एक पोकळी निघाली. आत पांढरे, पारदर्शक, सुईसारखे अंकुर. वडीलधाऱ्यांनी 'गारगोट्या आहेत' म्हणून सोडून दिले. आम्ही मुलांनी वाटणी करण्यासाठी हातोडा घातला आणि क्षणात त्याचा चुरा केला. कोट्यवधी वर्षांचे ते काम होते, हे कळेपर्यंत आमचे केस पांढरे झाले. ती हळहळ आजही आहे.

सुदैवाने सर्वांच्याच हातांनी तसे केले नाही. नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथे कृष्णचंद्र पांडे यांनी अशा खनिजांचे 'गारगोटी' संग्रहालय उभारले आहे. वाटेन्सला सर्वांना जाता येणार नाही. सिन्नरला जाता येईल. सुट्टीत गावी जाल, तेव्हा मुलांना तेथे अवश्य न्यावे.

आणि इथला दगड? मानेसरलगतची अरवली शंभर कोटी वर्षांहून जुनी. तिचा क्वार्टझाइट म्हणजे घट्ट जुळलेले गारेचे कणच होत. रस्त्यांची खडी आणि इमारतींचा दगड यांसाठी ही डोंगररांग इतकी पोखरली गेली, की २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला गुडगाव, फरिदाबाद व मेवात जिल्ह्यांतील खाणकाम थांबवावे लागले. जी चूक आम्ही हातोड्याने केली, तीच येथे यंत्रांनी झाली.

म्हणून एक नम्र सूचना करून आम्ही रजा घेतो. मंडळाच्या ग्रंथालयात एक फळी मोकळी ठेवावी. कुणाच्या घरी फडताळात पडलेली गावाकडची गारगोटी असेल, ती तेथे यावी. शेजारी वाटेवर सापडलेला अरवलीचा एक खडा असावा. खाली चिठ्ठीवर गावाचे नाव मुलांनी लिहावे. आपली मुले येथे वाढली, तेव्हा हे दोन्ही दगड त्यांचेच आहेत. झुंबर विकत आणता येते. गारगोटी मात्र जपावी लागते.