घराजवळची झाडे आणि वादळाचा हिशेब

(रायगड जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून भावाचा विषय झाला, विजेचा झाला. आम्हाला बोलायचे आहे ते घरामागच्या झाडांबद्दल. हा काय आंदोलनाचा विषय आहे का, असे कुणी मनात म्हणेल. पण 3 जून 2020 च्या दुपारी ज्यांनी दाराला पाठ लावून वारा रोखला, ते तसे म्हणणार नाहीत. त्या दिवशी निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर चढले. वाऱ्याचा वेग ताशी 100 किलोमीटरच्या वर होता. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, खाडीपलीकडे मंडणगड, दापोली. आगरेच्या आगरे आडवी झाली. त्याआधी नोव्हेंबर 2009 मध्ये फयान येऊन गेले होते. नंतर मे 2021 मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गेले. वादळ ही आता आजोबांनी सांगायची गोष्ट राहिलेली नाही.

आधी आमची चूक

फयाननंतर आम्ही गावोगाव सांगत फिरलो की घराजवळचे आंबे-फणस वरून तोडा, बोडके करा, म्हणजे वाऱ्याला धरायला काही राहणार नाही. आमच्याकडे शेतकीची पदवी होती, लोकांनी ऐकले. एका मावशींच्या परसात त्यांच्या सासऱ्यांनी लावलेला आंबा होता. तो आम्ही स्वतः उभे राहून वरून छाटून घेतला. दुसऱ्या वर्षी तो फुटव्यांनी भरून गेला तेव्हा आम्हीच म्हणालो, "बघा कसा तरारला!"

निसर्गच्या दिवशी तेच फुटवे, तोवर मांडीएवढे जाड झालेले, मुळापासून फाटून छपरावर आले. कौले गेली, वासे मोडले. मावशी चुलीकडे होत्या म्हणून वाचल्या. आम्ही पोचलो तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत म्हणून तोडला हो." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

मग आम्ही शिडी लावून वर पाहिले. जिथे जाड फांद्या उभ्या कापल्या होत्या तिथे पाणी मुरून लाकूड कुजले होते. नवे फुटवे निघाले होते ते सालीलगतच्या कोवळ्या थरातून. जुन्या लाकडात त्यांची पकड नव्हती. म्हणजे वाऱ्याचा धोका कमी करायच्या नावाखाली आम्ही दहा वर्षांनी मोडणारे झाड तयार करून ठेवले होते. म्हणून आज सांगतो ते नीट ऐका, आणि जिथे पटणार नाही तिथे आम्हाला अडवा.

झाड पाहायचे कसे

झाडाकडे वर्षातून दोनदा पाहायचे. एकदा पाऊस उघडल्यावर, एकदा मार्चमध्ये. आधी बुंधा. खोडातून भुसा पडतो आहे का? भोके दिसतात का? तसे असेल तर आत खोडकिडा आहे. बुंध्यावर अळंबी उगवली असेल तर आत कुजले आहे असे धरून चाला. कोयतीच्या मुठीने ठोकून पाहा, पोकळ आवाज लगेच कळतो. मग जमीन. झाड कलले असेल आणि कललेल्या बाजूच्या विरुद्ध जमीन उचलली असेल किंवा चिरली असेल, तर ते झाड आजचेच संकट आहे. जन्मापासून तिरके वाढलेले झाड वेगळे, काल कललेले वेगळे. मग वर पाहा. सुकी फांदी, बांडगूळ, आणि दोन सारख्या जाडीच्या फांद्या अरुंद बेचक्यात एकमेकींना चिकटून वाढलेल्या. अशा बेचक्यात मध्ये साल अडकते, तिथे लाकडाला लाकूड जुळत नाही. वादळात झाड तिथेच उभे फाटते.

तोडायचे काय, कसे

सुकी फांदी कधीही काढा. बांडगूळ फळे पिकण्याआधी फांदीसकट काढा. जिवंत जाड फांदी काढायची तर पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. एका वेळी चौथाईपेक्षा जास्त पाला उतरवू नका. शेंडा छाटू नका. दाट झाडाची विरळणी करा, म्हणजे वाऱ्याला मधून वाट मिळेल. पण आतून सगळे साफ करून टोकाला झुबका ठेवू नका, टोकाला जड झालेली फांदी आधी मोडते.

जाड फांदीला तीन घाव घालायचे. पहिला खालून, खोडापासून हातभर अंतरावर, तिसरा हिस्सा जाडी कापेपर्यंत. दुसरा वरून, त्याच्या थोडा पुढे. फांदी पडते आणि खोडाची साल सोलत नाही. तिसऱ्या घावाने खुंट काढायचा. फांदीच्या मुळाशी फुगीर कडे असते, त्याला धक्का न लावता लगत कापायचे. झाड जखम भरते ते त्या कड्यातून. खुंट ठेवलात तर कुजेल, कडे कापलेत तर जखम भरणार नाही. मग बोर्डो पेस्ट लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. मात्र चुकीचा घाव पेस्टने बरा होत नाही. तारेजवळ फांदी असेल तर वायरमनने लाईन बंद केल्याशिवाय कुणीही चढायचे नाही.

मुळे दिसत नाहीत म्हणून

वादळात समूळ पडलेली झाडे आठवा. किती जणांच्या परसात त्याआधी जेसीबी फिरला होता? नळाचा चर, गडगा, संडासची टाकी. झाडाची बरीचशी मुळे वरच्या दोन-अडीच फुटांत असतात आणि घेराच्या बाहेरपर्यंत जातात. बुंध्याजवळ चर मारला की त्या बाजूचा तणावाच तोडला. कातळावर खड्डा मारून लावलेल्या कलमांची मुळे त्या खड्ड्यातच गोल फिरतात. म्हणून नव्याने लावायचे तर कोय जागेवर रुजवून तिथेच कलम बांधा, सोटमूळ खाली जाऊ द्या. बुंध्याला सिमेंट भिडवू नका, मातीचा ढीग चढवू नका.

नारळ-पोफळीचा हिशेब वेगळा. त्यांना कोंब एकच, तो गेला की झाड गेले. गेंड्या आणि सोंड्या भुंगा वेळीच आवरा. वादळाआधी सुक्या झावळ्या आणि तयार नारळ उतरवा, हिरव्या झावळ्या मात्र ओरबाडू नका. आगरात मध्येच मोकळे पडले की शेजारच्या पोफळींवर ऊन आणि वारा दोन्ही येते. पश्चिमेच्या उन्हाने खोड भाजते, त्याला झावळ्या बांधा किंवा चुना लावा.

आता सरकारचा हिशेब

2020 मध्ये बागांसाठी आधी हेक्टरी 50 हजार रुपये जाहीर झाले. हेक्टर म्हणजे जवळजवळ 100 गुंठे. ज्याचे आगर 5 गुंठ्यांचे, त्याच्या वाट्याला अडीच हजार. ओरड झाली तेव्हा झाडावर हिशेब आला: नारळाला 250 रुपये, पोफळीला 50. पोफळ लावून सहा-सात वर्षे पोसावी, तेव्हा ती सुपारी देते. 50 रुपयांत पडलेली पोफळ तोडून बाजूलाही होत नाही! आणि गावठाणातल्या परसाला सातबाराच नसतो, मग ते झाड पंचनाम्यात मांडायचे कुठे?

दुसरीकडे 1964 चा झाडे तोडण्याचा कायदा. त्याच्या यादीत आंबा आहे, फणस आहे, चिंच आहे, जांभूळ आहे. स्वतः लावलेले झाड घरावर कलले तरी परवानगी हवी. उभे असताना ते झाड सरकारला एवढे मोलाचे, आणि पडले की त्याची किंमत शोधावी लागते. हा कुठला न्याय?

म्हणून आमच्या मागण्या दोन. भरपाई झाडाच्या वयावर आणि उत्पन्नावर ठरवा, गावठाणातली झाडे त्यात धरा. आणि धोकादायक झाडाच्या अर्जावर ठरलेल्या दिवसांत पाहणी करून लेखी उत्तर द्या.

पण मागणी करणाऱ्याचा कागद पक्का हवा. प्रत्येक गावशाखेने या दिवाळीपर्यंत घराजवळच्या झाडांची वही करावी. झाड कुठले, अंदाजे वय, छातीएवढ्या उंचीवर घेर, वर्षाला फळ किती, आणि एक फोटो. धोक्याच्या झाडाचा अर्ज त्याच वेळी टाका, मे महिन्यापर्यंत थांबू नका.

मावशींचा आंबा अजून उभा आहे. कुजलेला भाग काढून, दोन जोमदार फांद्या राखून आम्ही तो हळूहळू पुन्हा बांधतो आहोत. वहीतले पहिले पान त्या झाडाचे आहे. दुसरे पान तुमच्या परसातले असू द्या.