कमरेचा पट्टा आणि पेललेला भार



ज्या व्यासपीठावरून तत्त्वज्ञान, राज्यकारभार आणि काव्यशास्त्र यांची चर्चा ऐकण्याची आपणांस सवय आहे, त्यावर चामड्याच्या पट्ट्याचा विषय घेऊन उभे राहणे म्हणजे किंचित औद्धत्य होय, हे मी जाणतो. परंतु ज्याला अजून मिसरूडही फुटलेले नाही असा मुलगासुद्धा आज व्यायामशाळेत शिरताच कमरेला पट्टा आवळतो, आणि तो आवळला म्हणजे पाठीच्या सुरक्षिततेचा जामीनच मिळाला अशा समजुतीने बारवर आणखी दोन प्लेट चढवतो, तेव्हा हा जामीन किती पतीचा आहे याची चौकशी करणे अगदीच अप्रस्तुत ठरू नये.

ओझे उचलताना पाठीस जे सोसावे लागते ते ओझ्याच्या वजनापेक्षा फार अधिक असते, आणि त्याचे कारण साध्या यंत्रशास्त्रात आहे. पाठीचे स्नायू मणक्यांमधल्या चकतीच्या मध्यापासून अवघ्या 5 ते 6 सेंटिमीटरांवरून ओढ लावतात. ओझे मात्र हातांत, पुष्कळ पुढे असते. 20 किलोंचे ओझे कण्यापासून 50 सेंटिमीटर पुढे धरले, तर ते तोलण्यासाठी या स्नायूंना जवळजवळ 200 किलोंच्या भाराइतकी ओढ लावावी लागते, आणि ही सारी ओढ मणक्यांना एकमेकांवर दाबते. जाणता वस्ताद बार नडगीला घासून वर आणावयास सांगतो तो याचसाठी.

या दाबावर शरीरानेच एक तजवीज करून ठेवली आहे. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा स्नायुमय तळ आणि सभोवती पोटाचे व पाठीचे स्नायू, अशी ही उदराची बंदिस्त पोकळी. दीर्घ श्वास घेऊन कंठ मिटला आणि पोट चोहोबाजूंनी ताठ केले, की आतला दाब वाढून कण्याला पुढील अंगाने आधार मिळतो. इटलीतील शरीरशास्त्रज्ञ अँतोनियो मारिया वालसाल्वा याने 1704 साली कानाविषयीच्या आपल्या ग्रंथात श्वास कोंडण्याचा जो प्रयोग वर्णिला, त्यावरूनच या क्रियेला आज त्याचे नाव पडले आहे. पट्ट्याचे कार्य येथून पुढे सुरू होते. सायकलच्या ट्यूबमध्ये नुसतीच हवा भरत गेलो तर ती फुगत राहते, आणि टायरच्या आत बसविली म्हणजे तीच ट्यूब माणसाचे वजन पेलते. पट्टा हा केवळ टायर आहे, हवा ज्याची त्यानेच भरावयाची. पोट ढिले सोडून पट्ट्यावर भिस्त ठेवणाऱ्याला म्हणूनच त्यापासून फारसे काही मिळत नाही, आणि श्वासाची विद्या साधलेल्याला तो थोडा अधिक भार पेलण्याची ताकद देतो. आंतरराष्ट्रीय भारोत्तोलन महासंघाने पट्ट्याची रुंदी 12 सेंटिमीटरांपर्यंत मर्यादित केली आहे, तर आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाने 10 सेंटिमीटर रुंदी आणि 13 मिलिमीटर जाडी एवढीच मुभा दिली आहे. निरुपयोगी वस्तूची मोजमापे ठरविण्याच्या फंदात कोणी पडत नाही!

परंतु अधिक भार पेलणे आणि इजेपासून वाचणे ही दोन प्रकरणे निराळी आहेत, आणि सारा घोटाळा ती एकाच दप्तरात बांधल्यामुळे झाला आहे. 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत आपल्या सांगलीच्या संकेत सरगर याने 55 किलो गटात एकूण 248 किलो उचलून रौप्यपदक मिळविले. सुवर्ण केवळ एका किलोने हुकले, कारण 139 किलो पेलताना त्याचा उजवा कोपर दुखावला. भार आपला बळी कोणत्या सांध्यातून घेईल हे कंबर बांधणाऱ्याच्या हाती नसते.

रक्तदाबाचेही तसेच. 1985 साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका प्रयोगात पाच शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी बसवून, दोन्ही पायांनी जड वजन रेटताना त्यांचा दाब मोजला, तेव्हा त्याची सरासरी 320 वर 250 भरली. ही करामत मुख्यत्वे कोंडलेल्या श्वासाची आणि भाराची. पट्टा तीत भरच घालतो. ज्याला रक्तदाबाचा, हृदयाचा किंवा अंतर्गळाचा विकार आहे त्याने पट्ट्याची निवड करण्यापूर्वी डॉक्टरांची गाठ घ्यावी.

आता जो पोटासाठी ओझे उचलतो त्याच्याकडे वळू, कारण माझ्या मते खरा अन्याय तेथे होतो. अमेरिकेत गोदामांतून आणि दुकानांतून कामगारांना लवचिक कापडी पट्टे सर्रास वाटले जाऊ लागले, तेव्हा तेथील व्यवसाय-सुरक्षा व आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने 1994 मध्ये, निरोगी कामगाराला त्यांपासून संरक्षण मिळते असा पुरेसा पुरावा नाही, असा निर्वाळा दिला. आणि तिनेच पुढे 160 दुकानांतील माल हाताळणाऱ्यांची पाहणी करून 2000 साली दाखविले, की रोज पट्टा बांधणारे आणि क्वचितच बांधणारे यांच्या पाठदुखीत किंवा भरपाईच्या दाव्यांत फरक पडत नाही. नवल नाही. दिवसभरात शेकडो वेळा वाकणारा, वळणारा, धापा टाकणारा मनुष्य प्रत्येक खोक्यासाठी श्वास कोंडून पोट ताठ करणार कसा? आमच्या बाजार आवारांतील हमालाने तर क्विंटलाचे पोते पाठीवर वाहिले आहे. 1948च्या कारखाना अधिनियमाचे 34वे कलम, इजा होण्याचा संभव असेल इतके ओझे कोणाही इसमास उचलावयास लावू नये असे सांगत होते, आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1967च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी 55 किलोंची मर्यादा आहे. पोते लहान करावयाचे सोडून हमालाच्या कमरेला पट्टा बांधणारा मालक आपली जबाबदारी त्या गरिबाच्या पोटावर आवळतो, असेच मी म्हणेन.

राहिला व्यायामशाळेतला तरुण. त्याने प्रथम पट्ट्यावाचून स्क्वॉट आणि डेडलिफ्टची रीत पक्की करावी, हलक्या वजनांना पट्टा बांधूच नये, आणि ज्या भाराची पाचाहून अधिक आवर्तने होत नाहीत अशा भाराकरिता तो राखून ठेवावा. पट्टा श्वास सोडल्यावर नव्हे, तर श्वास घेता येईल इतपत आवळावा. तो बरगड्यांत रुतत असेल तर थोडा खाली आणि कमरेच्या हाडावर टेकत असेल तर थोडा वर सरकवावा, आणि दोन सेटांच्या मध्ये सैल करावा. दंडांच्या व्यायामाला पट्टा कशासाठी लागतो याचे उत्तर मला अद्याप कोणी दिलेले नाही. प्रश्नोत्तरांच्या वेळी सभागृहातील कोणी ते दिले तर मी आभारी होईन.