‘ग्लीन’ म्हणजे सरवा वेचणे



इंग्रजी ग्रंथांत ‘ग्लीन’ हे क्रियापद अधूनमधून भेटते. ‘माहिती मिळविणे’ एवढाच अर्थ पाहून तुम्ही पुढे गेलात, तर त्याचे मर्म हाती लागणार नाही.

कापणीनंतर शेतात पडून राहिलेली कणसे वेचणे, हा त्याचा मूळ अर्थ. मराठीत यालाच सरवा वेचणे म्हणतात. इंग्लंडातही हे काम गोरगरीब बायका-मुले करीत. म्हणून शिक्षकांनी सांगितलेले उत्तर उतरवून घेतले, तर तेथे हे क्रियापद शोभत नाही. माहिती विखुरलेली असावी आणि ती कणाकणाने, कष्टाने जमविलेली असावी. तेथेच ते योजावे.

उदाहरणे आपल्या खानदेशातच आहेत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले, अडगळीतले कागद त्यांनी जमविले. त्यांतून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे 22 खंड निघाले. 1926 साली धुळ्यास त्यांचे निधन झाले. तेथील राजवाडे संशोधन मंडळ हे त्यांचे स्मारक होय. जळगावच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. काम करता करता त्या गात. घरच्यांनी टिपून ठेवलेली त्यांची गाणी 1952 साली पुस्तकरूपाने आली. जी टिपली गेली नाहीत, ती कायमची हरपली.

तयार गाइड म्हणजे दुसऱ्याने घातलेली रास. घरी पुस्तके थोडी असली तरी खंत करू नका. जो वाकतो, त्यालाच सरवा मिळतो.