मुक्तस्रोत यंत्रनियंत्रण कारखान्यात का रुळत नाही?

जी-कोड या सांकेतिक भाषेत लिहिलेला कार्यक्रम वाचून हत्याराने कोणत्या अक्षावर, किती वेगाने आणि कुठवर सरकायचे हे मोटारींना क्षणोक्षणी सांगत राहणे, हे सीएनसी यंत्राच्या नियंत्रकाचे काम होय. लिनक्ससीएनसी ही प्रणाली हे काम करते. ती मुक्तस्रोत आहे, म्हणजे तिची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येते. तिचा उगम अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेतील एका प्रकल्पात आहे. तो सरकारी असल्याने आज्ञावली सर्वांना खुली राहिली, आणि १९९५ साली जनरल मोटर्सच्या मिशिगनमधील कारखान्यात ती एका मशीनिंग सेंटरवर चालवूनही पाहण्यात आली. तरीही भोसरी-चाकणच्या शॉप फ्लोअरवर नियंत्रकांत फानुक आणि सीमेन्स हीच नावे ठळकपणे दिसतात, आणि त्याचे कारण आज्ञावलीच्या कुवतीत शोधणे व्यर्थ आहे.

पहिली अडचण वेळेची आहे. साधा संगणक सरासरीने वेगवान असतो, पण ठरलेले काम ठरलेल्या क्षणीच होईल याची हमी तो देत नाही. नियंत्रकाला मात्र साधारणतः दर मिलिसेकंदाला मोटारीची स्थिती तपासून नवा आदेश द्यावा लागतो, आणि स्टेपर मोटारीचे स्पंद संगणकानेच निर्माण करायचे असतील तर ही मुदत काही डझन मायक्रोसेकंदांवर येते. म्हणून प्रणालीसोबत विलंबचाचणी दिलेली असते: ती चालू ठेवून पडद्यावरच्या खिडक्या इकडेतिकडे सरकवायच्या, मोठ्या फायली नकलायच्या आणि सर्वाधिक विलंबाचा आकडा कुठवर चढतो ते पाहायचे. तो वीस मायक्रोसेकंदांच्या आत राहिला तर संगणक उत्तम; शंभरावर गेला तर स्पंदनिर्मितीसाठी वेगळे कार्ड घ्यावे लागते. महागडा नवा संगणक या चाचणीत नापास होतो आणि अडगळीतला जुना पास होतो, असेही घडते, आणि खरेदी विभागाला हे पटवणे सोपे नाही.

ही अडचण आता बरीच ओसरली आहे. २०२३च्या डेबियन १२ मध्ये लिनक्ससीएनसी थेट समाविष्ट झाली, आणि २०२४ साली लिनक्सच्या मुख्य गाभ्यातच वास्तवकालीन, म्हणजे मुदत पाळणारी, यंत्रणा आली. पण प्रणाली संगणकावर चढवणे आणि ती यंत्रावर बसवणे यांत फार अंतर आहे. लिनक्ससीएनसीत प्रत्येक मर्यादा-स्विच, एनकोडर आणि ड्राइव्ह यांची जोडणी ‘हॅल’ या स्तराच्या फायलींत ओळीओळीने लिहावी लागते, आणि ती लिहिणाऱ्याला वीज, यंत्र व संगणक या तिन्हींची जाण हवी. फानुक असलेले यंत्र घेणाऱ्याला यातले काहीच करावे लागत नाही. यंत्र बनवणाऱ्यानेच ते केलेले असते, आणि रात्रपाळीत स्पिंडल थांबला तर फोन कोणाला करायचा हेही ठरलेले असते. मोफत आज्ञावलीमुळे वाचणारे पैसे बंद पडलेल्या एका पाळीच्या नुकसानीपुढे फारसे मोठे नसतात, त्यामुळे सावध मालकाला मागासलेला म्हणणे अन्यायाचे ठरेल.

उत्तरदायित्व घेणारा कोणी पुढे आला की चित्र पालटते. टॉरमॅक ही अमेरिकी कंपनी आपल्या छोट्या यंत्रांसोबत पाथपायलट हा नियंत्रक देते आणि त्याचा पाया लिनक्ससीएनसीच आहे. तेथे जोडणी कंपनीने केलेली असते आणि ग्राहकाला लिनक्सचे नावही ठाऊक असण्याची गरज नसते. आपल्याकडे हे काम रिट्रोफिट करणाऱ्यांच्या, म्हणजे धडधाकट जुन्या यंत्राला नवा नियंत्रक बसवून देणाऱ्यांच्या, आवाक्यातले आहे. मात्र त्यांची कमाई नेमकी त्या जोडणीच्या फायलींत असते, आणि मूळ आज्ञावली खुली असली तरी या फायली सहसा खुल्या होत नाहीत, त्यामुळे त्याच बनावटीचे यंत्र दुसऱ्या गावी कोणी उघडले की तारा शोधण्यापासूनचे सारे काम पुन्हा करावे लागते.